काळा पडदा आणि पाच कड्या : लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर बसवताना

लिनक्स असलेल्या संगणकावर ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर बसवला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि पडदा काळाच राहिला, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना तो सहसा विसरता येत नाही. पंखा फिरत असतो, दिवा लागलेला असतो, पण दिसत काहीच नाही. अशा वेळी आपल्याकडे बहुधा दोनच निकाल ऐकू येतात. ‘संगणक गेला’ हा पहिला आणि ‘फॉरमॅट करून टाका’ हा दुसरा. माझ्या अनुभवात हे दोन्ही निकाल जवळजवळ नेहमीच चुकीचे निघाले आहेत. काळ्या पडद्यामागे बहुधा एकच कडी निसटलेली असते, ती कोणती हे शोधता येते, आणि शोधण्यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीची गरज नसते. एवढेच या लेखात सांगायचे आहे.

बडोद्यातील एका मराठी संस्थेच्या ग्रंथालयातील संगणकांची देखभाल मी गेली काही वर्षे हौसेने करतो. आपल्याकडच्या अशा संस्थांत लिनक्स शिरले ते काटकसरीच्या वाटेने. परवान्याचा खर्च नाही, जुनी यंत्रे आणखी काही वर्षे चालतात आणि देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक आयताच मिळतो. ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न मात्र अलीकडे उभा राहिला. गुजरातीच्या शेजारात पिढ्यानपिढ्या नांदलेली बडोद्याची मराठी बोलणाऱ्या ज्येष्ठांच्या मुलाखती आम्ही ध्वनिमुद्रित करतो. त्या ऐकून कागदावर उतरवायला एका तासाच्या मुद्रणामागे अख्खा दिवस जातो. ध्वनीवरून मजकुराचा कच्चा खर्डा करून देणारी प्रारूपे आता उपलब्ध आहेत. २०२२ मध्ये खुले झालेले ‘व्हिस्पर’ हे त्यांपैकी एक असून त्याला मराठी येते. ते साध्या प्रोसेसरवर फार मंद चालते, ग्राफिक्स कार्डावर वेगाने. आणि एनव्हिडिया कंपनीच्या कार्डावर ते चालवायचे तर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. म्हणून हा खटाटोप.

चुकीच्या निकालाची किंमत काय असते, तेही सांगतो. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी जात्यावरच्या ओव्यांची मुद्रणे जमवली होती. ड्रायव्हर बसवल्यावर पडदा काळा झाला. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी पंधरा मिनिटांत डिस्क फॉरमॅट केली आणि संगणक ‘बरा’ करून दिला. दुसरी प्रत नव्हती. ओव्या सांगणाऱ्या बायांपैकी दोघी आज हयात नाहीत. त्या डिस्कवरील एकाही फाइलला त्या दिवशी काही झाले नव्हते. बिघडला होता तो फक्त दाखवणारा भाग.

ड्रायव्हर नेमके काय करतो

लिनक्सच्या मध्यभागी जो कार्यक्रम असतो त्याला ‘कर्नल’ म्हणतात. सैन्यातल्या हुद्द्याशी घोटाळा नको म्हणून मी त्याला ‘गाभा’ म्हणेन. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. स्मृती, डिस्क, कळफलक, पडदा या साऱ्यांची वाटणी हा गाभा करतो. एखादे उपकरण कसे हाताळायचे याची माहिती ज्या तुकड्यात असते तो ड्रायव्हर. लिनक्समध्ये हा तुकडा बहुधा ‘मॉड्यूल’ म्हणून असतो, म्हणजे लागेल तेव्हा गाभ्याला जोडता येणारा भाग.

बहुतेक उपकरणांचे ड्रायव्हर गाभ्याच्याच मूळ संहितेत लिहिलेले असतात. गाभ्याची अंतर्गत रचना बदलली की बदलणारी मंडळीच त्या ड्रायव्हरमध्येही दुरुस्ती करतात, कारण दोन्ही संहिता त्यांच्यापुढे उघड्या असतात. म्हणून कळफलकाच्या ड्रायव्हरवरून कधी रात्री जागवाव्या लागत नाहीत.

एनव्हिडियाने आपला ड्रायव्हर वर्षानुवर्षे बंद ठेवला. त्याचे दोन अर्धे आहेत. एक अर्धा गाभ्याला जोडला जाणारा मॉड्यूल, दुसरा अर्धा गाभ्याबाहेर राहून कार्यक्रमांना चित्र काढण्याच्या आणि गणिताच्या सोयी देणारी ग्रंथालये. पहिला अर्धा गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी नव्याने जुळवावा लागतो. कारण मॉड्यूलांशी बोलण्याची गाभ्याची अंतर्गत पद्धत कायम राहील, असे वचन लिनक्स देत नाही. हे वचन मुद्दाम दिलेले नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याची कारणे गाभ्याच्या मूळ संहितेसोबतच लिहून ठेवली आहेत. जुनी चूक सुधारायची तर अंतर्गत रचना बदलण्याची मोकळीक हवी, हे त्यांतले मुख्य कारण.

आपल्या वाचकांना हे समजायला एक जवळचे उदाहरण आहे. युनिकोडपूर्वी आपण देवनागरी टंकासाठी जे फाँट वापरले, त्यांत प्रत्येकाची संकेतरचना निराळी होती. एका फाँटात टाइप केलेला लेख दुसऱ्या फाँटात उघडला की ‘क’च्या जागी भलतेच चिन्ह येई. मजकूर शाबूत असे, फक्त वाचण्याची किल्ली जुळत नसे. नव्या गाभ्यावर जुन्या गाभ्यासाठी जुळवलेले मॉड्यूल लावणे म्हणजे तेच. फरक एवढाच की फाँट चुकला तर निदान वेडीवाकडी अक्षरे दिसत. गाभा मात्र न जुळणारे मॉड्यूल सरळ नाकारतो आणि पडद्यावर काहीच येत नाही.

या बंद ड्रायव्हरला पर्याय म्हणून काही स्वयंसेवकांनी कार्डाचे वर्तन बाहेरून निरखून ‘नूव्हो’ नावाचा खुला ड्रायव्हर लिहिला. फ्रेंच भाषेत नूव्हो म्हणजे नवा. २०१० च्या फेब्रुवारीत आलेल्या गाभ्याच्या २.६.३३ या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. एनव्हिडियाच्या असहकाराबद्दल टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात जाहीरपणे किती कडक शब्द वापरले, ते या वार्षिकात छापण्याजोगे नाही. मे २०२२ मध्ये कंपनीने गाभ्याला जोडल्या जाणाऱ्या अर्ध्याची संहिता खुली केली. पण ती नव्या पिढ्यांच्या कार्डांपुरती आहे, आणि बाहेरचा अर्धा अजून बंदच आहे. ध्वनिलेखनासाठी लागणारी ‘कूडा’ ही सोय त्या बंद अर्ध्यात येते, नूव्होवर ती मिळत नाही.

आधी उजेड

बिघाड शोधण्याआधी काहीतरी दिसायला हवे. पहिली परीक्षा कळफलकाची. कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. दिवा प्रतिसाद देत असेल तर गाभा जिवंत आहे, फक्त चित्र उमटत नाही.

दुसरी परीक्षा इतकी साधी की ती करायची राहून जाते. पडद्याची तार कुठे खोचली आहे? मेजावरच्या संगणकाला मागे दोन ठिकाणी खोबणी असू शकतात, एक मदरबोर्डाची आणि एक ग्राफिक्स कार्डाची. नवा ड्रायव्हर कार्डाच्या खोबणीत चित्र पाठवत असतो आणि तार दुसऱ्या खोबणीत असते, असे मी दोनदा पाहिले आहे.

त्यानंतर तीन वाटा आहेत. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबल्यावर कित्येकदा अक्षरांचा साधा पडदा उघडतो. तिथे नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत जाता येते. ही वाट बंद असेल तर संगणक पुन्हा चालू करताना एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबून ‘ग्रब’ची यादी आणावी आणि तीतून गाभ्याची आधीची आवृत्ती निवडावी. लिनक्स नवा गाभा बसवताना जुना लगेच पुसत नाही, ही त्याची मोठी मेहेरबानी आहे. तिसरी वाट म्हणजे त्याच यादीत ‘ई’ कळ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन छोट्या अक्षरांत जोडणे, आणि एफ-१० दाबणे. त्या खेपेपुरता गाभा चित्राची खास व्यवस्था बाजूला ठेवून जेमतेम चालणारा पडदा देतो. चित्र ओबडधोबड असेल, पण असेल. ही जोडणी तेवढ्या वेळेपुरतीच राहते. पुढच्या खेपेस ती आपोआप नाहीशी होते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

तिन्हींपैकी एका वाटेने आत पोहोचल्यावर आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मगच दुरुस्ती.

पुढे ज्या आज्ञा येतील त्या संगणकाला रोमन छोट्या अक्षरांतच द्यायच्या असतात. येथे मी त्यांची अक्षरे उच्चाराने सांगितली आहेत.

पहिली कडी : कार्ड कोणते

खोक्यावरचे नाव म्हणजे कार्डाची ओळख नव्हे. आपल्या बाजारात भरपूर खपलेले जीटी ७३० घ्या. या एकाच नावाने दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या, काहींत ‘फर्मी’ आणि काहींत ‘केप्लर’. खोके सारखे दिसते, पण दोघींना लागणारे ड्रायव्हर वेगळे. म्हणून नाव विचारायचे ते चिपलाच. ‘एल-एस-पी-सी-आय’ ही आज्ञा, मग जागा सोडून आडवी रेघ आणि ‘के’, असे दिले की संगणकातील उपकरणांची यादी येते. तीत ग्राफिक्सच्या ओळीपाशी चिपचे सांकेतिक नाव दिसते. जीएफ अक्षरांनी सुरू होणारे फर्मी, जीके ने सुरू होणारे केप्लर, टीयू ने सुरू होणारे ट्यूरिंग. त्याच ठिकाणी खालच्या ओळीत सध्या कोणता ड्रायव्हर वापरात आहे तेही लिहिलेले असते. त्या ओळीकडे आपण पाचव्या कडीत परत येऊ.

दुसरी कडी : त्या कार्डाला कोणती आवृत्ती

कंपनी आपल्या जुन्या कार्डांचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेते. फर्मी पिढीला ३९० क्रमांकाची आवृत्ती शेवटची, केप्लरला ४७०. त्याहीपूर्वीच्या, म्हणजे ग्रंथालयांतल्या जुन्या यंत्रांत हमखास सापडणाऱ्या जीफोर्स २१० सारख्या कार्डांना ३४०. त्यांवर सर्वांत नवा ड्रायव्हर बसवला तर तो बसतो, कुरकुरही करत नाही, पण कार्डाला ओळखत नाही. ‘नवे ते चांगले’ हा आपला समज येथे नडतो.

उलट अडचणही असते. ३४० किंवा ३९० या आवृत्तींचे काम कंपनीने थांबवले आहे, आणि गाभा पुढे चालला आहे. त्यामुळे आजच्या गाभ्यावर त्या जुळवताना बहुधा अडतात. अशा वेळी हट्ट न करता नूव्होवर राहणे हाच शहाणपणा. उबंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीत आपल्या कार्डाला चालणाऱ्या आवृत्तींची यादी येते आणि शिफारशीची आवृत्ती खूण करून दाखवलेली असते. ती शिफारस मानावी.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा हाही याच कडीचा भाग आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली, स्वतःच चालणारी फाइल एक मार्ग आणि आपल्या लिनक्सच्या भांडारातून घेणे दुसरा. दोन्ही एकत्र करू नयेत. पहिल्या मार्गाने टाकलेल्या फाइलींची भांडाराकडे नोंद नसते. पुढचे अद्ययावतीकरण त्यांतल्या काही फाइली बदलते, काही तशाच राहतात, आणि दोन आवृत्तींची खिचडी होते. नवशिक्याने भांडाराचाच मार्ग धरावा.

तिसरी कडी : गाभा आणि मॉड्यूल यांची जुळणी

‘कालपर्यंत चालत होते, आज काळे झाले, आणि मी काहीच केले नाही’ ही तक्रार आली की मी प्रथम येथे पाहतो. बोलणारा खरेच बोलत असतो. काल रात्री संगणकाने आपण होऊन नवा गाभा बसवलेला असतो.

नवा गाभा आला की मॉड्यूल पुन्हा जुळवण्याचे काम ‘डी-के-एम-एस’ ही यंत्रणा करते. डेल कंपनीने ती तयार केली. तिला जुळवणीसाठी त्या गाभ्याच्या ‘हेडर’ फाइली लागतात, म्हणजे गाभ्याची अंतर्गत रचना सांगणारी वर्णने. त्या बसवलेल्या नसतील तर जुळणी होत नाही. मॉड्यूल तयार होत नाही, आणि कित्येकदा याची सूचना अद्ययावतीकरणाच्या शेकडो ओळींत वाहून जाते.

तपासणी दोन आज्ञांची. ‘यू-एन-ए-एम-ई’ जागा आडवी रेघ ‘आर’ असे दिले की चालू गाभ्याची आवृत्ती कळते. ‘डी-के-एम-एस’ जागा ‘स्टेटस’ असे दिले की मॉड्यूल कोणकोणत्या गाभ्यांसाठी तयार आहे ते कळते. पहिल्या उत्तरातील क्रमांक दुसऱ्या उत्तरात नसेल तर कडी सापडली. हेडर बसवावेत आणि ड्रायव्हर पुन्हा जुळवून घ्यावा. उबंटू काही गाभ्यांसाठी आधीच जुळवलेली मॉड्यूल पुरवते. ती घेतली असतील तर डी-के-एम-एसच्या यादीत काही दिसणार नाही. तो दोष समजू नये.

याच कडीत एक आडवळणाचे कारण दडलेले असते. डिस्कवर संगणक सुरू करण्याच्या फाइलींसाठी ‘बूट’ नावाचा लहानसा वेगळा भाग ठेवलेला असेल आणि तो जुन्या गाभ्यांनी भरला असेल, तर नवा गाभा अर्धवट बसतो. जुने गाभे काढून जागा केल्याशिवाय पुढचे काहीही नीट होत नाही.

दुसरी एक सूचना बऱ्याच जणांना विनाकारण घाबरवते. ड्रायव्हर नुकताच अद्ययावत झालेला असताना ‘ड्रायव्हर आणि ग्रंथालय यांच्या आवृत्ती जुळत नाहीत’ अशा अर्थाची ओळ येते. वर सांगितलेले दोन अर्धे आठवा. बाहेरचा अर्धा डिस्कवर नवा आलेला असतो, गाभ्यातला अर्धा मात्र अजून स्मृतीत जुनाच असतो. संगणक एकदा बंद करून चालू करणे एवढाच उपाय. पुन्हा बसवाबसवी करू नये.

चौथी कडी : सही

अलीकडच्या संगणकांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो. संगणक सुरू होताना ओळखीची सही असलेलाच कार्यक्रम तो आत सोडतो. लिनक्सचा गाभाही मग तोच नियम आपल्या मॉड्यूलांना लावतो. डी-के-एम-एसने आपल्या घरी जुळवलेल्या मॉड्यूलवर कोणत्याही बड्या संस्थेची सही नसते. म्हणून आवृत्ती बरोबर, जुळणी बरोबर, तरी मॉड्यूल दाराशीच अडते.

पहारा चालू आहे की नाही हे ‘एम-ओ-के-यू-टी-आय-एल’ जागा, दोन आडव्या रेघा, ‘एस-बी’, आडवी रेघ, ‘स्टेट’ या आज्ञेने कळते. पहारा चालू असेल तर मालकाची स्वतःची किल्ली नोंदवण्याची सोय आहे. ड्रायव्हर बसवतानाच उबंटू एक परवलीचा शब्द ठरवायला सांगते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो. तो काही सेकंदच थांबतो. त्या वेळात एखादी कळ दाबून ‘एनरोल’ म्हणजे नोंदणी हा पर्याय निवडायचा, होकार द्यायचा आणि तोच परवलीचा शब्द टाइप करायचा. शब्द साध्या रोमन अक्षरांचा ठेवावा, कारण त्या पडद्यावर आपला इनस्क्रिप्ट कळफलक नसतो.

आमच्या संस्थेत झाले ते असे. जीटीएक्स १६५० हे ट्यूरिंग पिढीचे, ४ जीबी स्मृतीचे कार्ड. ड्रायव्हर बसवल्यावर संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा ग्रंथपाल चहा आणायला गेल्या होत्या. निळा पडदा आला आणि वाट पाहून निघून गेला. सकाळी ‘एनव्हिडिया’ आडवी रेघ ‘एस-एम-आय’ ही तपासणीची आज्ञा दिली तर ड्रायव्हरशी संपर्क होत नाही, असे उत्तर आले. त्यांनी पहिल्या कडीपासून सुरुवात केली. चिप टीयू अक्षरांची, ठीक. आवृत्ती शिफारशीची, ठीक. चालू गाभ्याचा क्रमांक डी-के-एम-एसच्या यादीत, ठीक. पहारा चालू. मग ‘डी-एम-ई-एस-जी’ या आज्ञेने गाभ्याची रोजनिशी उघडली आणि तीत किल्ली नाकारल्याची ओळ सापडली. नोंदणीची विनंती पुन्हा पाठवली, या वेळी पडद्यासमोर बसून राहिल्या, आणि काम झाले. मी त्या दिवशी सुरतेला होतो. फोनवर फक्त कड्यांचा क्रम सांगत होतो.

पहारा बंद करून टाकणे हा सोपा मार्ग पुष्कळजण सुचवतात. घरच्या यंत्रावर तो चालून जाईल. दहा जण हाताळतात त्या सार्वजनिक यंत्रावर किल्ली नोंदवणेच बरे.

पाचवी कडी : जागा रिकामी आहे का

एका कार्डावर एका वेळी एकाच ड्रायव्हरचा ताबा असतो. नूव्हो गाभ्यातच असल्याने तो लवकर उठतो आणि कार्ड ताब्यात घेतो. मागून आलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरला मग जागा मिळत नाही. पहिल्या कडीतली तीच आज्ञा पुन्हा द्यावी. वापरात असलेल्या ड्रायव्हरच्या ओळीत ‘नूव्हो’ लिहिलेले असेल तर हाच प्रकार आहे. भांडारातील ड्रायव्हर नूव्होला रोखण्याची नोंद सहसा स्वतःच करतो. पण संगणक सुरू होताना प्रथम वाचली जाणारी एक छोटी गठडी असते, ‘इनिट-रॅम-एफ-एस’ तिचे नाव. ती नव्याने बांधली नाही तर तिच्यातला नूव्हो जुन्या सवयीने उठतच राहतो. गठडी पुन्हा बांधून संगणक पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते.

लॅपटॉपवर आणखी एक गुंता असतो. तिथे बहुधा दोन ग्राफिक्स चिप असतात, एक प्रोसेसरमधली आणि एक एनव्हिडियाची. पडदा पहिलीवर चालतो आणि जड काम दुसरीवर. अशा यंत्रावर पडद्यासाठी इंटेलचा किंवा एएमडीचा ड्रायव्हर दिसला तर ते दोषाचे लक्षण नाही. एनव्हिडियाच्या चिपची ओळ वेगळी पाहावी.

क्रम का पाळायचा

पाच कड्यांचा क्रम मी हौसेने लावलेला नाही. कार्डच माहीत नसेल तर आवृत्ती ठरवता येत नाही. आवृत्ती चुकली असेल तर जुळणी तपासून उपयोग नाही. जुळणीच झाली नसेल तर सही कशावर करणार? प्रत्येक कडी मागच्या कडीला लोंबते. क्रम सोडून ‘काढा आणि पुन्हा बसवा’ असे चारदा केले की मूळचा एक दोष तसाच राहतो आणि त्यावर तीन नवे चढतात. आपण शुद्धलेखन तपासताना प्रत फाडून लेख पुन्हा लिहायला सांगत नाही. चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढतो. येथेही तेवढेच करायचे आहे.

न बसवणे हाही निर्णय आहे. लेखन, मुद्रितशोधन, पत्रव्यवहार, व्याख्यानासाठी चित्रपट्ट्या, चलचित्रे पाहणे, यांसाठी नूव्हो किंवा प्रोसेसरमधली चिप पुरते. जीफोर्स ९०० मालिकेपासून कार्डे कंपनीच्या सहीचेच अंतर्गत आदेश स्वीकारतात. त्यामुळे त्या काळातील कार्डांवर नूव्हो मंद चालतो, हे खरे. पण मंद चालणे आणि न दिसणे यांत अंतर आहे. ज्या संगणकावर फक्त लेख टाइप होतात त्यावर बंद ड्रायव्हर बसवणे म्हणजे टपालाची पाकिटे पोहोचवायला ट्रक ठेवणे.

वहीत काय लिहावे

आमच्या ग्रंथालयात प्रत्येक संगणकाशेजारी एक वही आहे. तीत चिपचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती व तो कुठून घेतला, चालणाऱ्या गाभ्याचा क्रमांक, पहारा चालू की बंद, आणि प्रत्येक बिघाडाची तारीख व निसटलेली कडी, एवढे मराठीत लिहिलेले असते. इंग्रजी सूचना आली तर ती जशीच्या तशी उतरवून खाली तिचा अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा, असा नियम आहे.

या नियमामागे कारण आहे. आपल्या संस्थांत संगणकाचे ज्ञान बहुधा एका माणसात असते. तो परगावी गेला की यंत्र मुके होते, आणि तो कायमचा गेला की फॉरमॅटवाल्याला बोलावणे जाते. ज्ञान वहीत उतरले की ते संस्थेचे होते, आणि आपल्या भाषेत उतरले की पुढचा माणूस ते वाचतो. १९३१ मध्ये बडोद्यात ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ सिद्ध झाला तेव्हा राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांशेजारी अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द मांडले गेले. ज्या भाषेत आपण कारभार करतो तिच्यात त्या कारभाराचे शब्द असले पाहिजेत, ही त्यामागची दृष्टी. आमच्या वहीत ‘गाभा’, ‘पहारा’, ‘गठडी’ हे शब्द असेच रुळले. कोणी समिती नेमली नव्हती. फोनवर एकमेकांना सांगताना जे चटकन समजले ते टिकले. ‘ड्रायव्हर’ मात्र ड्रायव्हरच राहिला, कारण ‘चालक’ म्हटल्यावर सगळ्यांना रिक्षा आठवे.

अकादमीच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी शाळेतल्या एका तरी संगणकाची अशी वही विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी, एवढी सूचना करतो. पहिल्या पानावर पाच ओळी पुरतील : कार्ड, आवृत्ती, जुळणी, सही, जागा. आणि त्यांच्याही वर, ठळक अक्षरांत : पडदा काळा झाला तरी फाइली जागेवर असतात, आधी प्रत घ्या.